शाळेचे खगोल मंडळ: गच्चीवरचे उपक्रम उत्तम, मुक्कामाची सहल बेताची

पुण्यात आमची मुलगी ज्या शाळेत शिकते, तेथील आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या खगोल मंडळाविषयी हा अभिप्राय आहे. वार्षिक वर्गणीत शाळेच्या गच्चीवरील निरीक्षणे आणि खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीची भेट येते; शहराबाहेरील मुक्कामाची आकाशदर्शन सहल ऐच्छिक असून तिचे पैसे वेगळे भरावे लागतात. माहितीपत्रकावर भली मोठी दुर्बीण छापली असली, तरी मंडळाचे खरे मोल दुर्बिणीविना होणाऱ्या कामात आहे.

त्याचे उदाहरण म्हणजे ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजण्याचा उपक्रम. मुलांनी कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोरा बांधून खाली एक नट लटकवला, शर्मिष्ठा तारकासमूहाच्या आधाराने ध्रुव शोधला आणि कोनमापकाच्या सरळ कडेवरून नेम धरून कोन वहीत टिपला. बहुतेकांची उत्तरे 17 ते 20 अंशांच्या दरम्यान आली. शिक्षकांनी बरोबर उत्तर न सांगता नकाशासंग्रहात पुण्याचा अक्षांश पाहायला लावले, आणि तो साधारण साडेअठरा अंश, म्हणजे जवळपास ध्रुवाच्या उंचीइतकाच निघाल्यावर भूगोलाच्या पुस्तकातली ती आडवी रेघ मुलांना प्रथमच खरी वाटली असावी. (गच्चीच्या उत्तरेला अजून उंच इमारत झालेली नाही, हे या शाळेचे नशीब.)

गुरूच्या उपग्रहांची नोंदही अशीच नेटाने होते. तिवईवर बसवलेल्या साध्या 10×50 द्विनेत्रीतून दिसणारे ठिपके प्रत्येकाने स्वतःच्या वहीत काढायचे आणि पुढच्या वेळी ताडून पाहायचे. आयोची प्रदक्षिणा सुमारे 42 तासांची, तर कॅलिस्टोची जवळजवळ 17 दिवसांची असल्यामुळे ठिपक्यांच्या जागा सतत बदलतात, आणि कोणता ठिपका कोणता यावरून मुलांत वाद होतात. ते वाद शिक्षक लगेच मिटवत नाहीत, हे मला विशेष आवडले.

जीएमआरटीच्या भेटीचीही तयारी नीट करून घेतली होती. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांपैकी 14 मध्यभागी असून उरलेल्या 16 तीन दिशांना दूरवर पसरल्या आहेत, हे मुलांना आधीच ठाऊक होते; त्यामुळे तेथे त्यांनी विचारले ते तबकडी जाळीची का, भोकांतून लहरी निसटत कशा नाहीत, असे प्रश्न. भोकांपेक्षा लहरींची लांबी बरीच जास्त असल्याने जाळी त्यांना पत्र्यासारखीच परतवते आणि वारा मात्र आरपार जातो, हे उत्तर समोरची अँटेना पाहत ऐकायला मिळाले. रेडिओ दुर्बिणी दिवसाही काम करत असल्याने ही सहल एका दिवसात उरकते. तेथे मोबाइल बंद ठेवावे लागतात, याची पालकांनी नोंद घ्यावी.

मुक्कामाच्या सहलीबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. ती शाळेने एका बाहेरच्या आयोजकाकडे सोपवली होती, आणि त्याने तारीख ठरवली ती शनिवार पाहून, पंचांग पाहून नव्हे. पौर्णिमा तोंडावर आलेली असल्याने देवयानी दीर्घिका चांदण्यात बुडाली. अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून मुलांनी विजेऱ्यांना लाल जिलेटिन कागद रबराने घट्ट बांधून आणला होता, तर भोजनमंडपातले पांढरे दिवे शेवटपर्यंत जळत राहिले. दुर्बिणीसमोरची रांग लांब आणि डोळा लावायला मिळणारा वेळ जेमतेम. मृगातला तेजोमेघ दिसला की नाही, हे काहींना नक्की सांगता आले नाही. अमावास्येच्या आसपासची तारीख आणि लहान गट, एवढे तरी शाळेने आयोजकाकडून लेखी घ्यायला हवे.

आणखी एक उणीव म्हणजे शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते तो दिवस. पुण्यात तो मेच्या मध्याला ऐन सुट्टीत आणि पुन्हा जुलैअखेरीस ढगांत येतो, म्हणून मंडळ तो सोडूनच देते. वास्तविक मे महिन्यात साडेबाराच्या सुमारास उभ्या बाटलीची सावली पाहणे घरच्या घरी जमण्यासारखे आहे.

मंडळात मुलांना अवश्य घालावे. मुक्कामाची सहल सध्या टाळली तरी चालेल, आणि ते पैसे द्विनेत्रीसाठी बाजूला ठेवावेत. नावनोंदणी जूनमध्ये होते, परंतु पावसाळा सरेपर्यंत केवळ वर्गातले तास होत असल्याने मूल कंटाळते. तेवढ्यावरून ऑगस्टमध्ये नाव काढून घेण्याची घाई करू नये.