दारात येणारं पिंजणयंत्र आणि जुन्या रजईची नवी ऊब

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावात दिवाळी आटोपली की टेम्पोवर, दबलेली रुई मोकळी करणारं पिंजणयंत्र घेऊन एक पिंजारी चाचा येतात. त्यांच्याकडून आम्ही घरातल्या दोन रजया आणि आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, गादी नव्यानं भरून घेतली. पूरा हिवाळा त्यावर काढला, म्हणून खात्रीनं सांगते : काम चोख आहे, पैसे वसूल आहेत, आणि दोन-तीन बाबतीत मात्र आपणच उभं राहून लक्ष द्यावं लागतं. थंडी सुरू झाली की गावात जो तो हिटरची चौकशी करतो, आणि घरात पेटीवर चार किलो रुईची जुनी रजई घडी घालून पडली आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून एवढं सविस्तर लिहिते.

विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांना फक्त उन्हाळा आठवतो. पण २०१८च्या डिसेंबरअखेरीस नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आमचं घर वावराच्या कडेला, वर टिनाचं छप्पर, दोन्ही खोल्यांच्या भिंती आणि छपराच्या मधे वारा शिरेल एवढी फट. शिवाय आमच्या यांना रात्रीच्या लाइनीत, म्हणजे शेतीला रात्री वीज असते तेव्हा, हरभऱ्याला पाणी द्यायला जावं लागतं. पहाटे पाय गारठून घरी येणाऱ्या माणसाला लगेच ऊब मिळेल असं अंथरूण घरात पाहिजेच. आत्याबाईंचे गुडघे धरतात ते वेगळंच.

आता कामाचं. चाचांचा टेम्पो मारोतीच्या पारासमोर उभा राहतो. मागच्या हौद्यात लोखंडी पेटीसारखं यंत्र, आत बारीक दात्यांचा रूळ, आणि तो फिरवायला छोटं डिझेल इंजिन, त्यामुळे गावात लाइन असली-नसली तरी काम अडत नाही. आमची मोठी रजई माझ्या लग्नात माहेरहून आलेली. खोळ उसवली तर पायाकडच्या कोपऱ्यात मुठीएवढ्या गुठळ्या आणि मधल्या भागात जवळजवळ नुसतं कापड. उजेडाकडे धरलं की पलीकडचा हात दिसायचा. चाचांनी एका गुठळीतून चिमूटभर रुई ओढली, दोन्ही अंगठ्यांत धरून ताणली आणि म्हणाले, "जान हाय अभी ताई इसमें. फेकू नका. किलोभर नवी टाका, बस."

मला तिथंच माणूस पटला. नवा माल खपवायचा असता तर त्यांनी सगळीच रुई बाद ठरवली असती.

गुठळ्या हातानं फोडून यंत्रात टाकल्या, आणि दुसऱ्या बाजूनं रुईचा हलका, सलग थर बाहेर येऊ लागला. ताडपत्रीवर त्याचा ढीग गुडघ्याच्या वर गेला. वजन केलं तर जुनी रुई साडेतीन किलो होती ती सव्वातीन भरली. बाकीची धूळ आणि तुटके तंतू यंत्राखाली पडले होते. म्हणजे रुई वाढली नव्हती, उलट कमी झाली होती, तरी ढीग तिपटीचा. त्या ढिगात जी हवा भरली तीच आपल्याला पाहिजे असते. रजई स्वतः काही तापत नाही. अंगाची ऊब बाहेर जाऊ न देणं एवढंच तिचं काम, आणि ते तंतूंच्या मधे अडकून बसलेली हवा करते. रुई दबून तिच्या गुठळ्या झाल्या की हवेला जागा राहत नाही, मग तीच साडेतीन किलोची रजई अंगावर नुसतं ओझं होते.

भरायची पद्धत बघण्यासारखी आहे. खोळ उलटी करून ताडपत्रीवर पसरतात, तिच्यावर रुईचे थर एकावर एक लावतात, कडेला थोडे जाड. मग एका टोकाकडून सगळं गुंडाळत नेतात आणि खोळीच्या तोंडातून आतलं बाहेर काढतात, की रुई बरोबर आत आणि खोळ सुलट. त्यानंतर बारीक बांबूच्या काठीनं झोडून झोडून रुई कोपऱ्यापर्यंत सारखी करतात. काठीचा आवाज बदलतो तसं चाचांना कळतं कुठं कमी आहे. मी मुद्दाम एका ठिकाणी हात ठेवून पाहिला, पोकळ वाटत होतं, आणि त्यांनी नेमकं तिथंच पुन्हा झोडलं. शेवटी जाड दोऱ्यानं टाके.

खर्च असा आला : पिंजाई किलोला ४० रुपये, म्हणजे १४०. वरची एक किलो रुई २०० रुपये. भराई आणि टाके २५०. एका मोठ्या रजईचे ५९० रुपये झाले. खोळ घरचीच, मांजरपाटाची, आधी धुऊन वाळवून ठेवलेली. वरून आत्याबाईंच्या जुन्या मऊ लुगड्याचा अभ्रा मीच शिवला, म्हणजे मळला की तेवढाच काढून धुता येतो. रजई धुवायची नसतेच.

हिटरशी तुलना करावीच लागते, कारण आमच्या धाकट्या दिरानं नागपूरहून आणायचं जवळजवळ ठरवलं होतं. मी बिल घेऊन बसले आणि त्यांना हिशोब दाखवला. २००० वॅटचा हिटर तासाला २ युनिट खातो. रात्री तीन तास चालवला तर ६ युनिट, महिन्याला १८०. थंडीत पंखे बंद असल्यानं आमचा वापर ८० युनिटांच्या आसपास असतो, तो २६० वर गेला असता. आता घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा आणि १०१ ते ३०० चा वेगळा, आणि तो दुपटीच्या घरात. हिटरच्या १८० पैकी १६० युनिट त्या महाग टप्प्यात पडतात. वहन आकार आणि वीज शुल्क धरून महिन्याला दोन हजारांच्या वर बोजा. म्हणजे एका महिन्याच्या वाढीव बिलात अशा तीन रजया भरून होतात, आणि त्या पुढं कितीतरी हिवाळे चालतात.

"वहिनी, पण खोली तरी गरम होते ना," ते म्हणाले. आमच्या घरात तीही होत नाही. गरम हवा वर जाते आणि वर टिन. निरभ्र रात्री टिन आभाळाकडे ऊब सोडून इतकं गार पडतं की पहाटे त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमतात. ते थेंब अंथरुणावर टपकलेले मी स्वतः पुसले आहेत. हिटर बंद केला की थोड्याच वेळात खोली पहिल्यासारखी. ज्यांच्याकडे स्लॅबचं, दारं-खिडक्या नीट बसलेलं घर आहे, बाळंतीण किंवा तान्हं लेकरू आहे, त्यांनी थोडा वेळ हिटर लावला तर माझं काही म्हणणं नाही. फक्त रजई, पडदा त्याच्याजवळ येऊ देऊ नका, रुईला पेटायला वेळ लागत नाही. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपण्याचा प्रकार तर मुळीच करू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, त्यानं झोपेतच जीव जाऊ शकतो.

आमच्या खोलीत आम्ही छपराखाली जुन्या पातळांचा चांदवा बांधला आणि भिंतीवरच्या फटीत पोत्यांचे बोळे कोंबले, दाराची वरची जाळी मात्र मोकळी ठेवली. दिव्यापासून, वायरींपासून चांदवा लांब बांधला आहे. थेंब आता अंथरुणावर पडत नाहीत.

गादीचं काम मला रजईपेक्षाही महत्त्वाचं वाटलं. लोक अंगावर दोन-दोन ब्लँकेट घेतात आणि खाली फरशीवर सतरंजी टाकून झोपतात, मग रात्रभर कड बदलत राहतात. अंगाच्या भारानं खालचं अंथरूण दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि फरशी ऊब ओढून घेते. आत्याबाईंची गादी पिंजून, दोन किलो रुई वाढवून भरली, खाली बाज आणि बाजेवर बारदाना टाकला. चाचांनी गादीला टाके जवळ जवळ घातले, कारण गादीची रुई सरकली तर ती लवकर बसते. जानेवारीत आत्याबाई मला म्हणाल्या, "आता पहाटं पाय शेकाले चुलीपाशी नाई याव लागत बाई." ज्या सासवेनं दुसऱ्या कशाचं सहसा कौतुक केलं नाही, तिचं हे बोलणं मला फार मोलाचं वाटतं.

आता तक्रारी. पहिली म्हणजे टाके. रजईला त्यांनी टाके वीत-दीड वीत अंतरावर घातले होते. मला हे विरळ वाटलं, मी बोलून दाखवलं, तर मधे आणखी ओळ घालून दिली, जास्तीचे पैसे न घेता. पण बोलले नसते तर तशीच मिळाली असती. टाके विरळ असले की एकाच हिवाळ्यात रुई पायाकडे जमा होते. दुसरी गोष्ट, यंत्रात आधीच्या गिऱ्हाइकाचा माल उरलेला असतो. आमच्या पहिल्या थरात लाल-हिरवे धागे आले, ते आमच्या रुईतले नव्हते. तो थर बाजूला काढायला लावला. तुम्हीही पहिला पसाभर माल बाजूला टाकायला सांगा, आणि आपलं काम चालू असेपर्यंत तिथंच थांबा. तिसरी गोष्ट धुळीची. पिंजताना उडणारी धूळ फार बारीक असते. दम्याच्या माणसाला आणि लेकरांना जवळ फिरकू देऊ नका, आपण तोंडाला पदर बांधा. चाचा स्वतः दिवसभर त्यात उभे असतात आणि तोंडाला साधा रुमालही नीट बांधत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी त्यांना तसं बोलले.

वजनकाटा त्यांचा असतो. मी किराणा दुकानातून आमचा माल मोजून घेतला होता, फरक निघाला नाही.

वर टाकायच्या रुईबद्दल थोडं. आपण कापसाच्या मुलखातले, तरी घरच्या कापसाची रजई थेट भरता येत नाही. कापसातून सरकी काढायला जिनिंगच पाहिजे, आणि क्विंटलभर कापसातून रुई निघते ३३-३४ किलोच्या आसपास, बाकी सरकी. आमच्या हिंगणघाटकडे जिनिंग भरपूर आहेत, ओळखीनं दोन-चार किलो रुई मिळते. रजईला लांब धाग्याची भारी रुई लागत नाही. आखूड, जाडसर तंतू उलट जास्त फुगून राहतो. गावठी वाणाची मिळाली तर सोडू नका.

तयार रजई घेणाऱ्यांना मात्र सावध करते. आमच्या शेजारणीनं शहरातल्या एका दुकानातून शुद्ध कापसाची म्हणून रजई आणली, देखणी, वर फुलांची छपाई. शिवण थोडी उसवून आतली चिमूटभर काढली आणि पेटवून पाहिली. खरी रुई कागदासारखी जळते, तसाच वास येतो आणि बोटांत चुरली की मऊ राख होते. हिच्यातले काही तंतू वितळले आणि टोकाला काळा कडक मणी झाला. आत चिंध्यांची भुकटी आणि प्लास्टिकचे धागे होते. ती रजई थंडीतही अंगाला घाम आणायची आणि पहाटे गार पडायची. साध्या पॉलिस्टरच्या ब्लँकेटला मी नावं ठेवत नाही. हलकं असतं, धुता येतं, लवकर वाळतं, रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या लेकरांसाठी तेच बरं. पण कापसाच्या किमतीत प्लास्टिक विकणं ही फसवणूक आहे, आणि ती कापूस पिकवणाऱ्यांच्याच गावात व्हावी याचा संताप येतो.

भरून घेतल्यावर राखणं आपल्या हाती. रुई हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या साधारण सात-आठ टक्के धरून ठेवते, आणि ओली रुई दबते. आठवड्यातून एकदा तरी रजई दोन्ही बाजूंनी उन्हात टाका, दुपार उतरायच्या आत काठीनं झटकून घरात घ्या. दिवेलागणीपर्यंत बाहेर राहिली तर दिवसभर वाळलेली रजई पुन्हा दमट होते. उन्हाळ्यात पेटीत ठेवताना वर जड सामान ठेवू नका, निंबाचा वाळला पाला घाला आणि पाऊस संपल्यावर पहिलं ऊन दाखवा. असं सांभाळलं तर चार-पाच हिवाळे पुन्हा पिंजावं लागू नये, असं चाचा सांगतात. आमची एका हिवाळ्यात अजिबात बसलेली नाही.

चाचा गावोगाव फिरतात, आधी निरोप येत नाही, ही एक अडचणच. आमच्याकडे बचत गटाच्या बायकांनी त्यांचा नंबर घेऊन ठेवला आहे, आठ-दहा घरांचं काम जमलं की फोन करतो, मग ते ठरल्या दिवशी येतात आणि पिंजाई किलोला पाच रुपये कमी लावतात. खोळी आधी धुऊन ठेवा, जुनी रुई आदल्या दिवशी उन्हात टाका म्हणजे यंत्रात नीट सुटते. यंदा कार्तिकातच बोलावणार आहोत. पोरांच्या दोन्ही गाद्या आणि दिराकडची रजई यादीत पहिल्या आहेत.