डॉज किंग्जवे १९५१ : नागपुरात सोळा महिने वापरून विकल्यानंतर

गेल्या महिन्यात माझी १९५१ची डॉज किंग्जवे अमरावतीच्या एका डॉक्टरांकडे गेली. सोळा महिने ती माझ्याकडे होती. ३,९०० किलोमीटर फिरली आणि नागपूरचा एक अख्खा उन्हाळा तिने काढला. अशी गाडी घ्यायला निघालेली माणसं मला अधूनमधून फोन करतात आणि फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून सगळं लिहून काढतो आहे.

गाडी अमेरिकन, पण जोडणी कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून तिथे क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या बांधायला घेतल्या. किंग्जवे मुळात प्लिमथच, फक्त तोंड डॉजचं. पार्ट शोधताना हे लक्षात ठेवा. डॉज म्हणून जे मिळत नाही, ते प्लिमथ म्हणून पटकन सापडतं. इंजिन सहा सिलिंडरचं, साधारण ३.६ लिटरचं फ्लॅटहेड, म्हणजे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्येच असलेलं. हेच इंजिन ट्रकांत आणि शेतीच्या यंत्रांतही बसायचं, त्यामुळे गॅसकेट, रिंगा, वॉटर पंप अमेरिकेतून आजही नवे मागवता येतात. कस्टम आणि भाडं धरून ते मला जवळपास दुपटीला पडले. मुंबईच्या चोरबाजारात दाराची हँडलं आणि एक हेडलाइटची रिंग मिळाली, बाकी काही नाही.

चालवायला ही गाडी फार शांत आहे. गिअर तीन, तेही स्टिअरिंगवर. तिसऱ्यात टाकली की वीसच्या वेगापासून साठपर्यंत हात लावायची गरज पडत नाही. पहाटे सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून ती जाते तेव्हा बाहेरच्या पाखरांचा आवाज आत ऐकू येतो, इतकं इंजिन मऊ चालतं. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी सोय) नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. हँडब्रेक चाकांवर लागत नाही, गिअरबॉक्सच्या मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर लागतो; चालत्या गाडीत चुकूनही ओढू नका. चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकची लाइन एकच, त्यामुळे बर्डीच्या गर्दीत पुढच्या ई-रिक्षापासून चांगलं दोन गाड्यांचं अंतर ठेवावं लागतं. पेट्रोल म्हणाल तर लिटरला पाच-सहा किलोमीटर.

आता उन्हाळा. नागपुरात ही गाडी ठेवायची तर सगळा अभ्यास उष्णतेचाच आहे. एप्रिलमध्ये रामटेकहून येताना कामठीच्या अलीकडे तापमानाचा काटा चढत चढत टोकाला गेला. रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट बदलला, पंख्याचा पट्टा नवा टाकला, फरक शून्य. मग सदरमधल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी इंजिन चालू असताना ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर) पुढून मागे हळूहळू तळहात फिरवला आणि म्हणाले, ‘‘भाऊ, समोरचे सिलिंडर बरोबर हायेत, मागचे दोन तापून राहिले. आतली नळी सडली.’’

या इंजिनात ब्लॉकच्या आत, वॉटर पंपाच्या मागे, पत्र्याची एक लांब चपटी नळी असते. पंपाचं थंड पाणी ती थेट प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी नेऊन सोडते. नळी गंजली की सगळं पाणी पुढेच फिरतं आणि मागचे सिलिंडर कोरडे भाजत राहतात. बाहेरून काहीच दिसत नाही. रेडिएटर आणि पंप काढून आम्ही आकड्याच्या तारेने ती ओढायला बसलो. पहिल्या ओढीला तळहाताएवढा तुकडा आला, दुसऱ्याला नुसते पापुद्रे. दोन दिवस लागले. नळीच्या मागून चहाच्या चोथ्यासारखा गाळ निघाला, दीड तांब्या भरेल इतका. नवी पितळी नळी बसवली, ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची बुचं काढून आतली पाण्याची जागा धुतली. त्यानंतर मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असतानाही काटा १८० फॅरनहाइटच्या वर गेला नाही. फ्लॅटहेड क्रायस्लर घेणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, रंगावर एक रुपया घालण्याआधी ही नळी काढून बघा.

दुसरा त्रास पेट्रोलचा. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या फ्युएल पंपाचा रबरी पडदा त्याने फुगला आणि पाइप खराब झाले. इथेनॉलला टिकणारा पडदा आणि पाइप टाकले तेव्हा कुठे गळती थांबली. पंप एक्झॉस्टच्या जवळ असल्याने गरमीत पेट्रोलची वाफ होते, गाडी बंद पडते आणि अर्धा तास निवेपर्यंत सुरू होत नाही. कारखान्यातून निघताना पंपाभोवती पत्र्याची एक ढाल असायची, माझ्या गाडीत ती कुणीतरी फेकून दिली होती. इतवारीतल्या पत्रा कारागिराकडून चारशे रुपयांत करून घेतली. तरीही दुपारी डिकीत ओलं फडकं आणि पाण्याची बाटली ठेवतच होतो.

वायरिंग सहा व्होल्टचं आणि पॉझिटिव्ह अर्थिंगचं, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला. एका इलेक्ट्रिशियनने सवयीने उलट जोडलं आणि अ‍ॅमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा भलत्याच बाजूला पळाला. त्यांचा आग्रह होता की बारा व्होल्ट करून टाका. मी केलं नाही. सेल्फ हळू फिरत होता तो बॅटरीमुळे नाही, मागच्या मालकाने आजच्या गाडीची बारीक केबल टाकल्यामुळे. सहा व्होल्टला तेवढ्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो. अंगठ्याएवढी जाड केबल टाकली, अर्थिंगच्या जागा घासून लख्ख केल्या आणि सेल्फ पहिल्या झटक्यात उचलायला लागला.

डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे आहेत. मला हे वर्धा रोडवर कळलं. पंक्चरवाल्या पोराने जोर लावून, पाइप अडकवून एक बोल्ट तोडला, मग दुसरा तोडला. तो बिचारा घाबरून गेला, चूक त्याची नव्हती. त्या दिवसापासून डावीकडचे सगळे बोल्ट लाल रंगवले आणि पान्ह्याला चिठ्ठी बांधली, ‘डावीकडे उलटं फिरवा’.

कागदपत्रांनी मला इंजिनापेक्षा जास्त छळलं. गाडीची आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, मला गाडी विकणाऱ्यांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर होती. एका एजंटने जुन्या तारखेची सही ‘मॅनेज’ करून देतो म्हटलं. तसं करू नका, पुढचा शहाणा गिऱ्हाईक तिथेच थांबतो. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर, त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या भावंडांची ना हरकत. मग फॉर्म २९ आणि ३० भरून माझ्या नावावर. चार महिने गेले, पण जुना तीन अक्षरी नंबर राहिला. ज्यांच्याकडे नोंदणीच नाही त्यांच्यासाठी २०२१चे व्हिंटेज नियम आहेत. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली हवी, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. विकली तर नव्वद दिवसांत कळवावं लागतं.

विकायचं कारण एकच, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्याची वाटणी झाली आणि शेड गेली. उघड्यावर पावसाळा काढायला लावणं माझ्याने होणार नव्हतं. फोन पुष्कळ आले. निम्मे लग्नात भाड्याने फिरवायला मागत होते. दोघांना डिझेल इंजिन टाकायचं होतं. या गाड्यांचं पूर्वी असंच वाटोळं झालं, म्हणून त्यांना सरळ नाही म्हटलं. डॉक्टर स्वतःचे मिस्त्री घेऊन आले. त्यांनी ब्लॉकच्या डाव्या बाजूला पुढे असलेला इंजिन नंबर घासून आरसीशी ताडून पाहिला, बॉडीवरून लोहचुंबक फिरवून पत्र्याऐवजी पुटी (भरावाचा लेप, त्याला चुंबक चिकटत नाही) कुठे कुठे आहे ते शोधलं. जिथे त्यांना सापडली नाही ती जागा, मागच्या डाव्या दाराखालची, मी दाखवली. मागचे पाटे (स्प्रिंगा) दबून बसलेले आहेत हेही सांगितलं आणि त्याचे चाळीस हजार कमी केले. त्यांना सगळ्यात जास्त आवडली ती माझी वही. तारीख, किलोमीटर, काय बदललं, काढलेला जुना पार्ट कुठल्या डब्यात आहे, सगळं त्यात होतं. डबेही त्यांना दिले, सडलेल्या नळीच्या तुकड्यांसकट.

सकाळी सहाला वाडी नाक्यापर्यंत मी मागे स्कूटरवर गेलो. साडेसातला कोंढाळीहून फोन आला. काटा १७० वर होता, डावं मागचं चाक पंक्चर झालं होतं, आणि बोल्ट पहिल्याच फेरीत सुटले होते.