जुनी स्पोर्ट बाइक घेताना: आर१५ व्ही३ की जिक्सर एसएफ २५०?

जुन्या स्पोर्ट बाइकच्या शोधात असलेला माणूस नागपुरात चार ठिकाणी फिरला की त्याच्यापुढे बहुतेक वेळा दोनच गाड्या उरतात: यामाहाची आर१५ व्ही३ आणि सुझुकीची जिक्सर एसएफ २५०. केटीएमच्या आरसी ३९० चा वेग आणि कावासाकीच्या निन्जा ३०० चे दोन सिलिंडर मोह पाडतात हे खरे. परंतु त्यांच्या देखभालीचा हिशेब निराळा असल्यामुळे मी त्यांना येथे बाजूला ठेवले आहे. या दोन गाड्या मात्र वयाने जवळच्या आहेत आणि वापरलेल्या अवस्थेत त्यांच्या किमतीही बऱ्याचदा एकाच टप्प्यात येतात, त्यामुळे घेणाऱ्याची घालमेल होणे स्वाभाविक आहे. दोन्ही गाड्या मी भरपूर चालवल्या आहेत. आर१५ माझ्या भाच्याची आहे आणि जिक्सर मी स्वतः जुनी विकत घेतलेली आहे. कागदावरचे आकडे वाचकांना ठाऊक असतील असे धरून मी फक्त जे अंगाला जाणवले तेवढेच मांडतो.

आर१५ पासून सुरुवात करणे योग्य, कारण या वर्गाची ओळखच तिने घडवली. २००८ मध्ये पहिली आर१५ आली तेव्हापासून तिच्या चौकटीचे कौतुक होत आले आहे आणि ते सर्वस्वी रास्त आहे. वळणात गाडी झुकवल्यावर पुढचे चाक रस्त्याला कसे धरून आहे हे ही गाडी इतके स्पष्ट कळवते की नवख्या चालकाचाही हात हळूहळू सुधारतो. रामटेकच्या गडावर जाणारा वळणाचा रस्ता मी दोन्ही गाड्यांवरून चढलो आहे आणि त्या रस्त्यावर आर१५ च सरस आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांच्या जरा अलीकडे व्हॉल्व्हची रचना बदलते आणि इंजिन एकदम मोकळे होते, तो क्षण तर पुन्हा पुन्हा अनुभवावा असा आहे. तिचा क्लच हलका आहे, आणि स्लिपर क्लच असल्यामुळे घाईत गिअर उतरवले तरी मागचे चाक अडखळत नाही.

पण नागपूर हे सपाटीवरचे शहर आहे. रस्ते रुंद आणि बरेचसे सरळ आहेत, आणि खऱ्या अर्थाने घाट म्हणावा असा रस्ता हवा असेल तर चिखलदऱ्यापर्यंत, म्हणजे दोनशे किलोमीटरहून अधिक, जावे लागते. समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. म्हणजे गाडीचे बहुतांश आयुष्य वर्धा रोड, सीताबर्डी, हिंगणा रोड, कामठी रोड यांवर आणि महिन्यातून एखाद्या वेळी जबलपूर किंवा अमरावतीच्या महामार्गावर जाणार, हे गृहीत धरूनच निवड करावी लागते. माझा निर्णय याच गृहीतकावर उभा राहिला आणि तो फिरवला एका छोट्याशा वाटणाऱ्या गोष्टीने: मनगटांनी.

आर१५ व्ही३ चे हँडल खाली आहे, पायाच्या खुंट्या मागे व वर आहेत, आणि बसणाऱ्याचे धड टाकीवर झुकलेले राहते. ही रचनेतली उणीव नव्हे. ज्या कामासाठी ती बैठक आखली आहे, त्या कामाला ती अचूक आहे. मोकळ्या रस्त्यावर वेग वाढला की छातीवर येणारा वारा धडाचा काही भार उचलतो, मांड्यांनी टाकी दाबून धरली की उरलेला भार कंबर आणि पाय घेतात, आणि हात जवळजवळ मोकळे होतात. अनुभवी चालक नवख्याला सांगतात की हँडलवर वजन टाकू नकोस, टाकी पायांनी पकड. तो सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. अडचण अशी की हा सल्ला पाळण्यासाठी गाडी चालती असावी लागते. सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात संध्याकाळी उभे राहिलात की एक पाय जमिनीवर टेकलेला असतो, म्हणजे टाकीवरची पकड सुटलेली असते. वारा नसतो, म्हणजे छातीला आधार नसतो. आणि पाच-दहा मीटर पुढे सरकून पुन्हा ब्रेक दाबला की धडाचे सगळे वजन पुढे येऊन दोन तळहातांच्या बुडाशी थांबते. हे पुढच्या चौकात पुन्हा होते आणि त्याच्या पुढच्या चौकातही होते.

त्यात आपल्याकडचे सिमेंटचे रस्ते. त्यांचे आयुष्य मोठे आहे आणि पावसाळ्यात ते डांबरी रस्त्यांसारखे उखडत नाहीत, हे मान्य. परंतु त्यांच्या सांध्यांवरून जाताना ठराविक अंतराने जो बारीक हादरा बसतो तो खाली झुकलेल्या चालकाच्या थेट मनगटात उतरतो. जिथे सिमेंटचा रस्ता संपून गट्टू (सिमेंटचे ठोकळे) किंवा जुने डांबर सुरू होते, तिथल्या पायरीवर तो हादरा चांगलाच जाणवतो. भाच्याची गाडी रोज कामावर नेली त्या काळात संध्याकाळी पाण्याचा तांब्या उचलतानाही उजव्या मनगटात कळ येत असे आणि अंगठ्याच्या मुळाशी बधिरपणा राहत असे. माझे वय चाळिशीच्या पुढे आहे, दिवसभराचे काम संगणकावर आहे, आणि कदाचित माझी मनगटे मुळातच नाजूक असतील. म्हणून हाच अनुभव सर्वांना येईल असे मी म्हणणार नाही. पण हा त्रास गाडी पसंत करताना दहा मिनिटांच्या चकरेत कधीच कळत नाही, आणि म्हणूनच तो इतक्या विस्ताराने सांगावासा वाटला.

हँडल उंच करणारे स्पेसर बसवून घ्या, असे कोणी सुचवेल. तसे करता येते. परंतु केबल आणि ब्रेकच्या नळीला ताण पडत नाही ना, पूर्ण वळवल्यावर हँडल गाडीच्या आवरणाला (फेअरिंगला) लागत नाही ना, हे काळजीपूर्वक पाहावे लागते, आणि पुढच्या चाकावरचे जे वजन त्या गाडीचा प्राण आहे तेच थोडे कमी होते. ज्या गुणासाठी आर१५ घ्यायची, तोच पातळ करून घेणे मला पटले नाही.

जिक्सर एसएफ २५० चे हँडलही दोन तुकड्यांचे आहे, पण ते पुढच्या काट्याच्या वरच्या पट्टीच्या वर बसवलेले आहे आणि तेवढ्याने बैठक सौम्य होते. धड किंचित पुढे झुकते, कोपर सैल राहतात, आणि चौकात थांबल्यावर चालक सहज सरळ होऊन बसू शकतो. बैठकीची उंचीही ८०० मिलिमीटर आहे, आर१५ पेक्षा दीड सेंटिमीटरने कमी. मी ही गाडी घेतल्यावर तोच रस्ता, त्याच वेळेला, तेवढ्याच गर्दीतून रोज जात राहिलो आणि मनगटाची तक्रार काही आठवड्यांत विरून गेली. यापेक्षा नेमके मोजमाप माझ्याकडे नाही, आणि माझ्यापुरते मला ते पुरेसे वाटते.

इंजिनाच्या स्वभावातही फरक आहे. २४९ सीसीचे इंजिन मधल्या फेऱ्यांतच जोर देते, त्यामुळे शहरात गिअर कमी बदलावे लागतात. जबलपूरकडे जाताना पेंचच्या जंगलातून वन्यप्राण्यांसाठी उंच केलेला जो महामार्गाचा भाग आहे, तिथे ट्रकला मागे टाकताना मी एक गिअर उतरवतो आणि गाडी निघते. आर१५ वर त्याच जागी दोन गिअर उतरवून इंजिन गरजवावे लागते. ज्याला ती गर्जना हवी आहे त्याला हा तोटा वाटणार नाही, आणि त्याचे म्हणणेही चूक नाही.

उष्णतेविषयी फार लिहीत नाही. नवतप्याच्या दिवसांत, पारा ४५ अंशांच्या पुढे असताना, अंगावर पूर्ण आवरण असलेली कोणतीच गाडी दुपारी सुखाची नसते. आर१५ रेडिएटरने थंड होते, जिक्सर तेलाने. पायांना जाणवणारा फरक माझ्या मते निवड फिरवण्याइतका नाही.

मागे बसणाऱ्याचा विचार मात्र करावा. आर१५ ची मागची बैठक उंच आणि अरुंद आहे. ब्रेक लागला की मागच्या व्यक्तीचे वजन चालकाच्या पाठीवर आणि तिथून पुन्हा मनगटांवरच येते. जिक्सरची मागची बैठकही काही ऐसपैस नाही, तरी माझी पत्नी तिच्यावर बसून बुटीबोरीपर्यंत विनातक्रार येते, आणि आर१५ वर मात्र ती दुसऱ्यांदा बसायला तयार झाली नाही.

आता जिक्सरच्या उणिवा. ती १६१ किलोची आहे, म्हणजे आर१५ पेक्षा वीसेक किलोने जड, आणि अरुंद पार्किंगमध्ये मागे ढकलताना ते वजन कळते. स्लिपर क्लच नाही. रस्त्यावर आर१५ ची संख्या पुष्कळ अधिक असल्यामुळे तिचे सुटे भाग आणि तिची नस जाणणारे मिस्त्री सहज सापडतात, शिवाय पुढे विकताना गिऱ्हाईकही लवकर मिळते. पाच वर्षांऐवजी दीड-दोन वर्षांतच गाडी विकण्याचा बेत असेल, तर या मुद्द्याचे वजन माझ्या मनगटांपेक्षा जास्त धरावे.

प्रत्यक्ष गाडी पाहताना दोघींच्या बाबतीत वेगवेगळ्या ठिकाणी लक्ष द्यावे लागते. आर१५ व्ही३ चे २०१८ चे मॉडेल एबीएसशिवाय, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेशिवाय, आले होते. दोन्ही चाकांचे एबीएस जानेवारी २०१९ पासून मिळाले, म्हणून थोडे पैसे जास्त पडले तरी त्यानंतरचीच घ्यावी. तिच्या सिलिंडरला ॲल्युमिनियम-सिलिकॉनची भिंत आहे, ती घासली गेल्यास बोअर करून भागत नाही, पूर्ण सिलिंडर बदलावा लागतो. तेव्हा धुराकडे आणि थंड इंजिनाच्या आवाजाकडे नीट लक्ष द्यावे, आणि मालकाने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जावे. जिक्सरमध्ये तेल हेच वंगणही आहे आणि थंडावाही, त्यामुळे तेल वेळेवर बदलल्याच्या पावत्या मी सर्वांत आधी मागतो. पडलेली गाडी ओळखण्यासाठी नव्या रंगावर विसंबू नये. हँडलची टोके, ब्रेकच्या दांडीचे टोक, पायाच्या खुंट्यांच्या कडा आणि हँडल पूर्ण वळल्यावर जिथे अडते तो चौकटीवरचा थांबा, ही ठिकाणे पाहावीत. तो थांबा चेपलेला दिसला, तर किंमत कितीही उतरली तरी मी त्या गाडीला हात लावणार नाही.

कागदपत्रांत आपल्या भागाची एक विशेष बाब आहे. मध्य प्रदेश जवळ असल्यामुळे छिंदवाडा, सिवनीकडच्या पासिंगच्या गाड्या येथे स्वस्तात दिसतात. त्यांच्यासाठी तिकडच्या परिवहन कार्यालयाची नमुना २८ ची एनओसी (नाहरकत प्रमाणपत्र) आणि महाराष्ट्राचा कर, दोन्ही लागतात. हा खर्च आणि वेळ धरला की स्वस्ताई बरीचशी आटते. नागपूरच्याच एमएच-३१, एमएच-४० किंवा एमएच-४९ पासिंगची गाडी असेल तर मालकी बदलाच्या नमुना २९ व ३० वर सह्या, आणि कर्जावर घेतलेली असेल तर बँकेच्या नमुना ३५ सह बोजा उतरवल्याची खात्री, एवढे पैसे देण्यापूर्वीच करून घ्यावे. थकीत चलानही त्याच वेळी पाहून घ्यावे.

भाच्याने आर१५ घेतली तेव्हा मीच त्याला ती घे म्हटले होते आणि आजही तेच म्हणेन. तो विशीत आहे, अंगाने सडपातळ आहे, एकटाच फिरतो आणि रविवारी पहाटे रस्ते मोकळे असताना गाडी काढतो. त्याला ती शोभते. ज्याचे रोजचे येणे-जाणे हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीपर्यंत आहे, ज्याच्या मागे कधीतरी घरचे माणूस बसणार आहे आणि ज्याला गाडी चार-पाच वर्षे ठेवायची आहे, त्याने मात्र आधी जिक्सर शोधावी, आणि एका मालकाची, पावत्यांसहित असलेली गाडी लगेच मिळत नसेल तर महिना-दोन महिने थांबायची तयारी ठेवावी.