रोज कामावर नेणारी सायकल : बंदिस्त गिअर, डायनॅमोचा दिवा आणि झाकलेली चेन

कामावर जाण्यायेण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलींचे परीक्षण बहुधा चुकीच्या निकषांवर होते, असे माझे ठाम मत आहे. वजन किती, गिअर किती, वेग किती हे प्रश्न शर्यतीच्या किंवा सुट्टीच्या दिवशी फेरीला न्यायच्या सायकलीला विचारावेत. जिला रोज ठरावीक वेळी पोहोचवायचे आहे, आणि तेही कामाचे कपडे घातलेल्या, पोहोचताच चार माणसांसमोर बसावे लागणाऱ्या माणसाला, तिला विचारायचा पहिला प्रश्न वेगळा आहे. पावसाची सर आली, परतताना अंधार पडला, आठवडाभर तिच्याकडे बघायलाही सवड मिळाली नाही, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती तक्रार न करता निघेल का? ज्या सायकलीविषयी पुढे लिहिले आहे ती या कसोटीला बऱ्याच अंशी उतरते, आणि जेथे उतरत नाही तेथे त्याची कारणे तिच्या रचनेतच सापडतात.

मागच्या चाकाच्या हबात, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल भागात, बंदिस्त आठ गिअर, पुढच्या हबात डायनॅमो, दोन्ही चाकांवर लांब मडगार्ड, चेनवर पूर्ण कव्हर, मागे कॅरिअर आणि 37 मिलिमीटर रुंदीचे, आत पंक्चररोधक थर असलेले टायर अशी ही रचना आहे. जवळजवळ याच भागांनिशी अशा सायकली अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे हे परीक्षण एखाद्या कंपनीपेक्षा त्या घडणीचे आहे असे समजावे. चाकांचा रिम 622 मिलिमीटरचा, म्हणजे दुकानात 700-सी या नावाने मागितला जाणारा असल्याने ट्यूब आणि टायर मिळवण्यासाठी वणवण करावी लागत नाही. रोज वापरायच्या वस्तूच्या बाबतीत ही बाब रंगरूपापेक्षा पुष्कळ महत्त्वाची आहे.

या सायकलीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिचा मागचा हब. नेहमीच्या गिअरच्या सायकलीत डिरेलर नावाचा भाग चेनला एका दातेरी चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलतो आणि त्यासाठी पेडल फिरत असणे आवश्यक असते. मोकळ्या रस्त्यावर याने काही बिघडत नाही. पण वेगात असताना समोरचा सिग्नल अचानक लाल झाला की सायकल जड गिअरमध्येच थांबते, आणि पुन्हा निघताना, मागे गाड्या उभ्या असताना, सारे अंग पेडलवर टाकून डुगडुगत सुरुवात करावी लागते. हबातले गिअर सायकल उभी असतानाही बदलता येतात. थांबावे, हँडलवरची गिअरची मूठ फिरवून खालच्या गिअरवर यावे आणि दिवा हिरवा झाला की सरळ रेषेत निघावे, एवढे हे सोपे आहे. चौकात निघतानाचे पहिले चार-पाच मीटर हा सायकलस्वाराच्या दृष्टीने सर्वांत नाजूक भाग असतो, आणि ही एकच सोय तो इतका सुरक्षित करते की कामाच्या वाटेवर ज्याला वारंवार थांबावे लागते त्याने बाकीचे सारे गुण बाजूला ठेवून केवळ हिच्यासाठी ही रचना निवडली तरी तो निर्णय योग्यच ठरेल.

बंदिस्त गिअरची कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब 1902 सालचा आहे, आणि पुढे तिच्या ज्या हबवर पिढ्यानपिढ्या लोक कामावर गेले त्यात मधला गिअर थेट (मागच्या चक्राच्या एका फेरीला चाकाची एक फेरी), खालचा त्याच्या तीन चतुर्थांश आणि वरचा चार तृतीयांश अशी साधी वाटणी होती. आजच्या आठ गिअरच्या हबात हाच पल्ला बराच वाढला आहे. शिमानोच्या नेक्सस मालिकेतील आठ गिअरच्या हबचे गुणोत्तर, म्हणजे मागच्या चक्राच्या एका फेरीत चाकाच्या होणाऱ्या फेऱ्या, पहिल्या गिअरला 0.527, पाचव्याला बरोबर 1 आणि आठव्याला 1.615 असे आहे. म्हणजे सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड गिअरमध्ये तिपटीहून थोडा अधिक फरक पडतो. चढ आणि सपाटी दोन्ही असलेल्या रोजच्या वाटेला एवढे पुरते. मात्र पायऱ्या सारख्या नाहीत. बहुतेक ठिकाणी 14 ते 18 टक्क्यांची झेप असताना पहिल्यावरून दुसऱ्यावर आणि पाचव्यावरून सहाव्यावर जाताना ती 22 टक्क्यांची होते. पाचवा फार हलका आणि सहावा फार जड अशी स्थिती नेमकी त्या वेगाला आली, ज्या वेगाने आपण रोज सर्वांत जास्त वेळ चालतो, तर ती दर दिवशी जाणवत राहते.

यावर उपाय आहे, आणि विक्रेते तो आपणहून क्वचितच सांगतात. सायकल कारखान्यातून येताना पुढे 38 दात्यांचे आणि मागे 19 दात्यांचे चक्र असेल, तर पाचव्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेरीत सुमारे 4.4 मीटर अंतर कापले जाते आणि मिनिटाला 70 फेऱ्यांच्या आरामाच्या लयीत वेग ताशी साडेअठरा किलोमीटरच्या घरात जातो. पाठीशी सामान, अंगावर कामाचे कपडे आणि घाम न येऊ देण्याची इच्छा असताना हा वेग अनेकांना किंचित जास्तच असतो. मागचे चक्र 21 दात्यांचे बसवून घेतल्यावर तोच पाचवा गिअर ताशी साडेसोळा-सतराच्या आसपास येतो आणि पहिला गिअरही चढावर आणखी हलका होतो. पाचवा गिअर थेट असल्याने त्यात दात्यांच्या घर्षणात शक्ती सर्वांत कमी वाया जाते. म्हणून आपली रोजची चाल त्याच गिअरवर यावी असे चक्र निवडणे हाच या हबचा खरा उपयोग आहे. चक्र एका स्प्रिंगच्या कडीने बसवलेले असते आणि दुरुस्ती करणारा ते सहज बदलून देतो. सोबत चेनची लांबी आणि ताण तेवढा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

केबलकडे थोडे लक्ष हवे. नवी केबल सुरुवातीच्या काळात बसते आणि सैल पडते, आणि मग जोर देताना गिअर निसटतो. उभे राहून पेडल मारत असताना असे झाले तर तोल जाऊ शकतो, म्हणून ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. तपासणी अगदी सोपी आहे : मूठ चौथ्या गिअरवर आणायची आणि हबवरच्या दोन पिवळ्या खुणा एका रेषेत आहेत की नाही ते पाहायचे. नसतील तर केबलच्या टोकाशी असलेला बारीक स्क्रू हाताने फिरवून त्या जुळवता येतात.

दिव्याविषयी मी मनापासून चांगले लिहू शकतो. पूर्वीचा बाटलीच्या आकाराचा, टायरवर घासणारा डायनॅमो पावसात नेमका घसरायचा. हबातल्या डायनॅमोला पावसाशी देणेघेणे नसते. त्याची ठरलेली क्षमता 6 व्होल्ट आणि 3 वॅट आहे, आणि आजच्या एलईडी दिव्यांना तेवढ्यात रस्ता नीट उजळता येतो. दिवा लावल्यावर पायांना पडणारा जादा भार चालताना ओळखू येत नाही. चार्ज करायचे राहिले, दिवा काढून खिशात ठेवायचा विसरला, कोणी काढून नेला, अशा सगळ्या काळज्या यामुळे कायमच्या मिटतात, आणि ज्या संध्याकाळी काम लांबते त्या संध्याकाळी याची किंमत कळते. सिग्नलला थांबल्यावर आतील वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमुळे दोन्ही दिवे काही मिनिटे मंद तेवत राहतात, त्यामुळे उभा असलेला सायकलस्वारही मागून दिसतो. पुढच्या दिव्याचा झोत जर्मनीच्या वाहतूक नियमांना अनुसरून वरच्या बाजूला कापलेला आहे. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तो जात नाही आणि सारा प्रकाश रस्त्यावर पडतो. पायी चालण्याच्या वेगाला मात्र दिवा थरथरतो, त्यामुळे अंधाऱ्या खडबडीत गल्लीतून सावकाश जाताना एक छोटा बॅटरीचा दिवा जवळ असावा.

पावसाचे गणित इतके सरळ नाही. वरून येणाऱ्या पाण्यासाठी रेनकोट असतो, पण कपडे खराब करते ते चाकाने उडवलेले मळके पाणी. मागचा मडगार्ड आपले काम चोख करतो. पुढचा मात्र जमिनीपासून फार वर संपतो, आणि त्यामुळे बुटांवर, पावलांवर आणि चेनच्या कव्हरवर चिखलाची धार सतत येत राहते. रबराची रुंद पट्टी त्याच्या टोकाला जोडून ती जमिनीच्या जवळ आणली की ही अडचण जवळजवळ संपते. पावसात चालवण्यासाठी म्हणून विकलेल्या सायकलीत ही पट्टी कारखान्यातच का लावत नाहीत, हे मला समजत नाही, आणि उत्पादकांनी ही त्रुटी दूर करायलाच हवी.

ब्रेकविषयी माझी तक्रार अधिक गंभीर आहे. या सायकलीला दोन्ही चाकांवर रिम दाबणारे ब्रेक आहेत. कोरड्या रस्त्यावर ते उत्तम आहेत. रिम ओला झाला की रबराचे ठोकळे आधी पाणी पुसतात आणि मग पकड घेतात. मधल्या क्षणात सायकल पुढे जातच राहते. शिवाय रस्त्यावरची वाळू त्या ठोकळ्यांत रुतून बसते आणि रिमचा धातू हळूहळू खरवडत जाते. वर्षभर सर्व ऋतूंत चालवायच्या सायकलीला डिस्क किंवा ड्रम ब्रेक असायला हवेत. हीच सायकल त्या ब्रेकसह मिळत असेल तर तीच घ्यावी, असे मी निःसंकोच सांगतो.

चेनच्या कव्हरमुळे पँटला ग्रीस लागत नाही आणि तेलही बरेच दिवस टिकते. जे दिसत नाही त्याचा विसर पडतो, एवढाच त्याचा धोका. चेनच्या एका कडीची लांबी 12.7 मिलिमीटर असते, म्हणजे लागोपाठ 20 कड्या 254 मिलिमीटर भरल्या पाहिजेत. साध्या मोजपट्टीवर ही लांबी 256 च्या आसपास गेली की चेन बदलावी, नाहीतर ती चक्रांचे दातेही खाऊ लागते. अधूनमधून कव्हर उघडून हे माप घ्यावे.

आता या रचनेची सर्वांत कठीण बाजू. मागचे चाक पंक्चर झाले तर ते काढण्यासाठी चेनचे कव्हर उघडावे लागते, गिअरची केबल हबवरून सोडवावी लागते आणि 15 मिलिमीटरच्या पान्याने दोन्ही नट सैल करावे लागतात. कामावर जाण्याच्या घाईत, रस्त्याच्या कडेला, हे काम नकोसे होते. सुदैवाने चाक न काढताही पंक्चर काढता येते : टायरची एक बाजू रिमवरून उतरवायची, ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढायचा, छिद्र शोधून ठिगळ लावायचे आणि टायरमध्ये रुतलेली काच किंवा काटा बोटाने काळजीपूर्वक शोधून काढायचा. पंक्चररोधक थर बारीक काचा आणि काटे अडवतो, यात शंका नाही. परंतु हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आदळले की ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते आणि शेजारीशेजारी दोन छिद्रे पडतात. त्यापुढे कोणताही थर उपयोगाचा नाही. ट्यूबमधून हवा आपोआप थोडीथोडी कमी होतच असते. म्हणून दर पंधरवड्याला पंप लावून, वजनानुसार 60 ते 70 पीएसआय (पंपावर दिसणारे हवेच्या दाबाचे एकक) हवा ठेवणे हे या सायकलीच्या देखभालीतले सर्वांत फलदायी काम आहे.

ताठ बसण्याच्या ठेवणीमुळे गाड्यांच्या टपांवरून पुढचे दिसते आणि मान वळवून मागे पाहणेही सोपे जाते. वारा समोरून असला की याच ठेवणीची किंमत मोजावी लागते. ताशी 20 किलोमीटरने चालताना समोरून ताशी 15 किलोमीटरचा वारा असेल तर अंगावर येणारी हवा 35 च्या वेगाची होते, आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने तो तिपटीवर जातो. अशा दिवशी दोन गिअर खाली येऊन दहा मिनिटे उशिरा पोहोचण्याची तयारी ठेवणे हाच शहाणपणा आहे. वाऱ्याशी झुंजून घामाने भिजलेल्या कपड्यांत दिवस काढण्यात काही हशील नाही. पाठीवरची पिशवी कॅरिअरच्या बाजूला अडकवली तर घाम आणखी कमी होतो, आणि 25 किलोचा भार सोसणारे हे कॅरिअर त्यासाठी पुरेसे भक्कम आहे.

सीट सुरुवातीला टणक वाटते आणि नंतर अंगवळणी पडते. घंटी चांगली वाजते. मागच्या चाकाला अडकणारे कुलूप फ्रेमवरच आहे. ते क्षणभराच्या थांब्यासाठी ठीक आहे, पण दिवसभर सायकल बाहेर राहणार असेल तर स्थिर खांबाला जखडणारे भक्कम यू आकाराचे कुलूप वेगळे घ्यावेच लागते.

सायकलीचे वजन सुमारे 18 किलो आहे, आणि ज्यांना ती रोज जिन्यावरून उचलून न्यावी लागते त्यांना मी ही सायकल सुचवणार नाही. ज्यांच्याकडे ती तळमजल्यावर आडोशाला ठेवण्याची सोय आहे, ज्यांची वाट साधारण दहा-बारा किलोमीटरच्या आत आहे आणि तिच्यावर सिग्नल पुष्कळ आहेत, त्यांनी ती अवश्य चालवून पाहावी. चाचणीला जाताना आपली रोजची भरलेली पिशवी आणि रोजचे बूट घेऊन जावे. पिशवी कॅरिअरला लावून पेडल मारताना टाच तिला लागते का ते पाहावे, सायकल उभी करून आठव्यावरून दुसऱ्या गिअरवर यावे आणि त्या ठिकाणाहून निघावे, आणि दुकानदाराला पैसे देण्याआधी मागचे चाक आपल्यासमोर एकदा काढून पुन्हा बसवायला सांगावे.