जकार्तामधील चंद्रभागा

बाली किंवा योग्यकार्ताला जाताना विमान बदलण्याचे ठिकाण, एवढीच जकार्ताची ओळख आपल्याकडील बहुतेक प्रवाशांना असते. मीही इंडोनेशियाच्या या राजधानीसाठी जेमतेम दोन दिवस राखले होते. त्यांतील पहिला जवळजवळ संपूर्ण राष्ट्रीय संग्रहालयात गेला आणि त्याची मला मुळीच खंत नाही.

या इमारतीला तेथील लोक ‘गेडुंग गाजा’ म्हणतात. सयामचे (आजच्या थायलंडचे) राजे चुलालोंगकॉर्न यांनी १८७१ मधील भेटीची आठवण म्हणून दिलेला काशाचा हत्ती समोरच उभा आहे, आणि ‘गाजा’ म्हणजे काय हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. सप्टेंबर २०२३ मधील आगीनंतर वर्षभर बंद राहिलेले हे संग्रहालय ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले.

येथील भैरवाच्या चार मीटरांहून उंच मूर्तीसमोर लोक छायाचित्रांसाठी थांबतात, आणि नेदरलँड्सने १९७८ मध्ये परत केलेली प्रज्ञापारमिता या बौद्ध देवीची शांत मूर्तीही अर्थातच पाहण्याजोगी आहे. मला मात्र सर्वाधिक मोलाचा वाटला तो आजच्या उत्तर जकार्तातील तुगू या गावी सापडलेला, अंड्याच्या आकाराचा एक ओबडधोबड दगड. पश्चिम जावातील तारुमानगर या प्राचीन राज्याचा राजा पूर्णवर्मन याचा हा पाचव्या शतकातील लेख संस्कृतात आणि पल्लव लिपीत आहे. त्यात दोन जलप्रवाहांची नावे येतात: आधीच्या राजाने खोदवलेली चंद्रभागा आणि पूर्णवर्मनाने खोदवलेली गोमती. काम फाल्गुन वद्य अष्टमीला सुरू होऊन चैत्र शुद्ध त्रयोदशीला, म्हणजे एकवीस दिवसांत संपले आणि ब्राह्मणांना एक हजार गायी दान दिल्या, असे लेख सांगतो. गंमत अशी की हे एकवीस दिवस आपल्या अमान्त, म्हणजे अमावास्येला महिना संपणाऱ्या, पंचांगाप्रमाणे मोजले तर अचूक जुळतात. पौर्णिमेला महिना संपवणाऱ्या उत्तर भारतातील पौर्णिमान्त पद्धतीने मोजले तर जुळत नाहीत. पंढरपूरची वाट ठाऊक असलेल्या माणसाने जावा बेटावर चंद्रभागेचे नाव वाचून क्षणभर थबकावे, हे साहजिकच आहे. ज्या शहराची आजची ओळख पुराची आहे, तेथील इतका जुना लेख पाण्याला वाट काढून देण्याविषयी असावा, हेही लक्षात राहण्यासारखे आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. दुसऱ्या दिवसासाठी मी ठरवलेल्या शहरदर्शनाच्या गाडीने सगळ्या ठिकाणांना मिळून जेवढा वेळ दिला, त्याहून अधिक वेळ भेटवस्तूंच्या एका दुकानात घालवला. त्यापेक्षा ट्रान्सजकार्ताची बस बरी: भाडे ३,५०० रुपिया असते, मात्र ते रोखीने न घेता कार्डावर घेतले जाते. सोमवारी बहुतेक संग्रहालये बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे.

संग्रहालयाच्याच रस्त्यावर, दक्षिणेच्या टोकाला, न्योमान नुआर्ता यांनी १९८७ मध्ये घडवलेले ‘अर्जुन विजय’ हे शिल्प आहे. कृष्ण सारथ्य करीत आहे, अर्जुन कर्णावर बाण रोखून आहे आणि भोवतालची वाहने आपापल्या घाईत आहेत. मोनास हा १३२ मीटर उंचीचा राष्ट्रीय स्तंभ दुरून पाहिला तरी चालतो. सुट्टीच्या दिवशी वर जाण्याच्या रांगेत दुपार जाते. इस्तिकलाल मशीद आणि तिच्यासमोरचे १९०१ मधील कॅथेड्रल यांना मात्र तासभर द्यावा. या मशिदीचे वास्तुविशारद फ्रेडरिक सिलाबान हे ख्रिस्ती होते.

जुन्या डच वस्तीतील, म्हणजे कोता तुआतील, वायांगचे, म्हणजे बाहुल्यांच्या पारंपरिक खेळाचे, संग्रहालय मी शेवटी पाहिले. म्हशीच्या कातड्याच्या, जाळीसारख्या कोरलेल्या सपाट बाहुल्या पडद्यामागून नाचवीत दालांग, म्हणजे खेळाचा सूत्रधार, रात्रभर महाभारत सांगतो. भीम, अर्जुन, गाटोत्काचा हे सगळे ओळखीचे भेटतात. पण त्यांच्यासोबत सेमार, गारेंग, पेत्रुक आणि बागोंग असे चौघे असतात, ज्यांचा व्यासांच्या कथेत मागमूसही नाही. पोट सुटलेला, बुटका सेमार हा पांडवांचा सेवक खरे तर भूतलावर उतरलेला देव आहे आणि प्रसंगी तो इतर देवांनाही खडसावतो. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याची याच्याशी गाठ पडली असती, तर दोघांचे छान जमले असते.