पत्त्याची पत पाहणारी यादी: स्पॅमहाउसच्या झेनचा अनुभव

कळंगुट येथील एका मध्यम आकाराच्या हॉटेलचा मेल सर्व्हर मी अनेक वर्षे सांभाळत आहे. आरक्षणाचा आमचा ईमेल पत्ता जुना आहे; छापील पत्रकांवर आणि परदेशी एजंटांच्या याद्यांत वर्षानुवर्षे फिरत राहिल्यामुळे तो स्पॅम पाठवणाऱ्यांच्याही हाती केव्हाच लागला आहे. ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू झाला की रिसेप्शनवरच्या ताई सकाळी सातला मेल उघडतात. त्या वेळी खऱ्या पाहुण्याची चौकशी कचऱ्याखाली दबलेली असेल, तर तिला उत्तर जाईपर्यंत पाहुण्याने बागेला किंवा कांदोळीला दुसरीकडे खोली घेतलेली असते. म्हणून मेलचा मजकूर आत घेण्याआधी, दारातच पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याची, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या क्रमांकाची, पत तपासणारी व्यवस्था मला हवी होती, आणि त्यासाठी मी स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेची झेन ही ब्लॉकलिस्ट, म्हणजे बदनाम पत्त्यांची यादी, निवडली.

ही पद्धत नवी नाही. पॉल व्हिक्सी यांनी १९९७ मध्ये अशी पहिली यादी चालू केली आणि पुढच्याच वर्षी स्टीव्ह लिनफोर्ड यांनी स्पॅमहाउसची स्थापना केली. झेनचे काम साधे आहे. समजा, २०३.०.११३.२५ या पत्त्यावरून कोणी मेल द्यायला आला, तर आमचा सर्व्हर ते आकडे उलट क्रमाने लावून डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या सूचीला, २५.११३.०.२०३.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग हे नाव विचारतो. असे नावच नाही, हे उत्तर आले तर तो पत्ता यादीत नाही, १२७.०.० ने सुरू होणारे उत्तर आले तर तो यादीत आहे, आणि शेवटचा आकडा कारण सांगतो. २ म्हणजे स्पॅमशी संबंधित म्हणून नोंदवलेला पत्ता, ४ म्हणजे व्हायरसने किंवा घुसखोराने ताब्यात घेतलेले यंत्र, आणि १० किंवा ११ म्हणजे घरगुती ब्रॉडबँड अथवा मोबाइलचा असा पत्ता, जिथून दुसऱ्याच्या सर्व्हरला थेट मेल जाणे अपेक्षितच नाही. एका प्रश्नात या सर्व कारणांच्या वेगवेगळ्या याद्या तपासल्या जातात, हा झेनचा मोठा फायदा आहे.

मला ही सेवा मोलाची वाटते ती मात्र वेगळ्याच कारणासाठी. यादीत सापडलेला मेल आमचा सर्व्हर स्वीकारतच नाही. ५५४ हा नकाराचा आकडा आणि कारण तो समोरच्या सर्व्हरला तिथल्या तिथे सांगतो. पाठवणारा सज्जन असेल, तर त्याचा मेल कारणासह त्याच्याकडे परत जातो. मजकूर वाचून स्पॅमच्या फोल्डरमध्ये टाकणाऱ्या गाळणीत असे होत नाही: मेल पोहोचला असे पाठवणारा समजतो, इकडे तो कोणी उघडत नाही, आणि दोघांनाही पत्ता लागत नाही. मागच्या हंगामाआधी बेळगावच्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंचा फोन आला. चौदा जणांच्या गटासाठी त्यांनी पाठवलेला मेल आमच्याकडून परत गेला होता आणि त्यातले कारण त्यांनी मला शब्दशः वाचून दाखवले. त्यांच्या होस्टिंगवर इतर अनेक ग्राहक एकाच आयपीवरून मेल पाठवत होते आणि त्यांपैकी कोणाच्या तरी खात्यातून स्पॅम सुटला होता. मी त्यांचा सर्व्हर आमच्या सूट-यादीत घातला आणि त्याच दुपारी खोल्या नक्की झाल्या. तोच मेल स्पॅमच्या फोल्डरमध्ये पडला असता, तर तो फोन आलाच नसता.

आता अडचणींकडे वळतो. त्यांतली सर्वांत मोठी माझ्याच चुकीतून उद्भवली. सर्व्हर नव्या यंत्रावर हलवताना डीएनएससाठी मी एक सार्वजनिक रिझॉल्व्हर, म्हणजे आपल्या वतीने डीएनएसला प्रश्न विचारणारी सर्वांसाठी खुली सेवा, तसाच ठेवला आणि सेटिंगमध्ये उत्तराचे आकडे न तपासता फक्त यादीचे नाव लिहिले. सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या प्रश्नांना स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असे उत्तर देते. त्याचा अर्थ पत्ता यादीत आहे असा नसून प्रश्न चुकीच्या वाटेने आला आहे असा असतो. माझ्या सर्व्हरने मात्र कोणतेही उत्तर म्हणजे नकार असे धरले, आणि डिसेंबरातल्या एका सकाळी सव्वादोन तास येणारा प्रत्येक मेल परत गेला. लॉगमध्ये एकाखाली एक नकाराच्या ओळी होत्या आणि प्रत्येकीत नेहमीच्या व्यवहारातले, ओळखीचे पत्ते दिसत होते. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. त्यानंतर मी त्याच यंत्रावर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवला आणि पोस्टफिक्स या आमच्या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ एवढीच उत्तरे ग्राह्य धरावीत, असे स्पष्ट लिहिले. यादी वापरू पाहणाऱ्या प्रत्येकाने या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात.

दुसरी काळजी आपल्याच माणसांची. आमचे व्यवस्थापक पर्वरीच्या घरून किंवा मोबाइलच्या इंटरनेटवरून मेल पाठवतात, आणि असे पत्ते बहुधा १० किंवा ११ या उत्तराचेच असतात. म्हणून यादीची तपासणी फक्त बाहेरच्या सर्व्हरसाठी असलेल्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या प्रवेशमार्गावर, लावावी. पासवर्ड देऊन ५८७ वरून येणाऱ्यांना ती लागू करू नये.

इतर याद्यांपैकी स्पॅमकॉप आणि बाराकुडा या दोन्ही मी सोबत वापरतो, परंतु केवळ गुण देण्यासाठी. पोस्टफिक्सच्या दारावर तपासणी करणाऱ्या पोस्टस्क्रीन या भागात झेनला तीन गुण, या दोघींना प्रत्येकी दोन आणि नकाराची मर्यादा तीन, अशी माझी मांडणी आहे. त्यामुळे या दोघींपैकी एकटीच्या सांगण्यावरून कोणाला परत पाठवले जात नाही. स्पॅमकॉपच्या नोंदी तक्रारी थांबल्यावर आपोआप निघून जातात, हे मला आवडते. यूसीईप्रोटेक्टची तिसरी पातळी मात्र मी लावत नाही, कारण ती एका कंपनीचे संपूर्ण नेटवर्क यादीत घालते आणि निरपराध शेजारी त्यात भरडले जातात. नोंद लवकर काढण्यासाठी तिथे पैसे आकारले जातात. स्पॅमहाउस त्यासाठी काहीच घेत नाही. जुन्या सेटिंगमधून बंद पडलेल्या याद्या काढून टाकणेही तितकेच आवश्यक आहे. सॉर्ब्स २०२४ च्या जूनमध्ये बंद झाली, आणि २००३ मध्ये ओसिरुसॉफ्ट ही यादी बंद होताना तिने जगातला प्रत्येक पत्ता यादीत असल्याचे उत्तर दिले होते.

झेनकडून सर्व काही होईल अशी अपेक्षा मी ठेवत नाही. मोठ्या मोफत मेलसेवांवर खाते उघडून पाठवलेली फसवी बिले तिला अडवता येत नाहीत, कारण त्या सेवांचे सर्व्हर यादीत घातले तर निम्मे पाहुणेच बंद होतील. अशा मेलसाठी मी मजकूर तपासणारी स्पॅमअसॅसिन ही गाळणी मागे ठेवली आहे. दारातच बरेचसे गळाल्यामुळे तिच्यावरचा भार पुष्कळ कमी झाला आहे.

सेवा पुन्हा विकत नसाल आणि रहदारी मर्यादेत असेल, तर ही यादी मोफत वापरता येते. मोठ्या वापराला शुल्क आहे. ज्या छोट्या हॉटेलाचा किंवा कार्यालयाचा स्वतःचा सर्व्हर आहे आणि ज्याच्याकडे दिवसातून एकदा तरी नकारांचा लॉग वाचणारा माणूस आहे, त्याला मी ही यादी निःशंकपणे सुचवेन. आमच्याकडे ते काम सकाळच्या चहाआधी होते, आणि सूट-यादीत आजवर एकूण नऊ नावे आहेत.