खांदा बदलल्यानंतरचे व्यायाम : आठ महिन्यांचा अनुभव

उजव्या खांद्याचं रिव्हर्स रिप्लेसमेंट होऊन आठ महिने होत आले. इंदूरला आमच्या राजेंद्रनगरात गुडघे बदललेले घरोघरी भेटतात, पण खांदा बदललेलं विचारायला कोणी सापडलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर.

माझे रोटेटर कफचे, म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायू शिवण्यापलीकडे फाटले होते. अशा वेळी गोळा खांद्याच्या पात्यावर आणि वाटी दंडाच्या हाडावर बसवतात, म्हणजे मूळ रचनेच्या बरोबर उलट. १९८० च्या दशकात फ्रान्समधल्या पॉल ग्रामों यांनी ही पद्धत रुळवली. यात हात वर उचलण्याचा बहुतेक भार डेल्टॉइडवर, म्हणजे खांद्यावरच्या बाहेरच्या मोठ्या स्नायूवर येतो. त्याला ते काम शिकवायचं, यासाठी सगळी मेहनत.

पहिले ६ आठवडे स्लिंग, म्हणजे हात अडकवायची गळ्यातली झोळी. बोटं, मनगट, कोपर हलवायचं आणि पेंड्युलम. पेंड्युलममध्ये हात आपण फिरवायचा नसतो. ओट्याला धरून वाकायचं, कंबरेतून अंग हलवायचं आणि हात नुसता सोडून द्यायचा. जेवणाच्या टेबलावरचा व्यायामही असाच. हाताखाली मऊ फडकं ठेवायचं. हात रेटायचा नाही, आपणच खुर्चीतून पुढे वाकायचं, फडकं आपोआप सरकतं. बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललं नाही. माझा खांदा आखडला नाही तो याच दोन व्यायामांमुळे, असं मी ठामपणे म्हणेन.

सगळ्यात अवघड गेलं ते हात मागे न नेणं. हात मागे, अंगालगत आणि आत वळलेला, हे तिन्ही एकत्र आलं की रिव्हर्सचा सांधा निखळायचा धोका असतो. आता बाईमाणसाचा दिवस बघा : ब्लाऊजची मागची हुकं, परकर मागून सारखा करणं, खुर्चीवर मागे रेटा देऊन उठणं. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज बजावायची, "आंटी, लेटे-लेटे भी कोहनी दिखनी चाहिए." कोपर दिसेनासं झालं म्हणजे ते गादीत मागे गेलं, म्हणून त्याखाली उशी. जाऊबाईंनी पुढच्या हुकांचे ब्लाऊज शिवून दिले. महालक्ष्म्यांना नऊवारीचा कासोटा सूनबाईने खोचला.

दारावर अडकवायची पुली डॉक्टरांनी सांगितल्यावरच आणली, चार-पाचशे रुपयांत. चांगला हात दुखऱ्याला वर नेतो, त्यामुळे किती ओढायचं ते आपल्या ताब्यात राहतं. सुरुवातीला दाराकडे तोंड करून, नंतर पाठ करून. पाठ केली की हात जास्त वर जातो. पण आमच्या जुन्या दाराची वरची फट मोठी, पट्टा सुटायचा. दार बंद करून कडी लावल्याशिवाय बसू नका. प्लास्टिकच्या मुठी घामाने निसटतात, त्यांवर सुती पट्टी गुंडाळलीय.

खरं सांगायचं तर पुलीपेक्षा मला साधी काठी जास्त उपयोगी पडली. पुलीवर खांदा नकळत कानाकडे चढतो. उताणं झोपून दोन्ही हातांनी काठी वर नेली की पाठीला गादीचा आधार असतो, खांदा चढला तर लगेच कळतं. रबरी पट्टे १२ आठवड्यांनंतर, हलक्या पिवळ्यापासून.

दुखण्याचा माझा हिशोब असा : व्यायामानंतर ठणकलं आणि बर्फाने शमलं तर ठीक. रात्री झोपमोड झाली तर दुसऱ्या दिवशी कमी.

आज वेणी घालते, पोळ्या लाटते, डोक्याच्या उंचीच्या फळीवरून पोह्यांचा डबा उतरवते. भरलेली बादली डाव्या हातानेच. पाठीमागे हात अजून कंबरेच्या बाजूपर्यंतच पोचतो. सुधारणा वर्षभर होत राहते, असं डॉक्टर म्हणतात.

ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच विचारून घ्या : सांधा साधा की रिव्हर्स, आणि खांद्याच्या पुढच्या बाजूचा सबस्कॅप्युलॅरिस स्नायू शिवणार का? तो शिवला असेल तर हात बाहेरच्या बाजूला वळवण्यावर सुरुवातीला मर्यादा असते. तुमचे व्यायाम त्यावर ठरतील, माझा तक्ता तसाच उचलू नका.